गाडीतला शौचकूप : ओखिलबाबूंच्या पत्रापासून जैव-शौचालयापर्यंत

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक पत्र मांडलेले आहे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने ते साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले. फणस अंमळ जास्त खाल्ल्याने पोट फुगले. अहमदपूर स्थानकात गाडी थांबताच ते उतरले (हे अहमदपूर बंगालमधले, लातूर जिल्ह्यातले नव्हे). बसतात न बसतात तोच गार्डाने शिटी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते धावले, पडले आणि फलाटावरच्या बायामाणसांदेखत त्यांची पुरती शोभा झाली. गाडी निघून गेली. गार्डाला जबर दंड करा, नाहीतर वर्तमानपत्रांत छापून आणतो, असा दम पत्राच्या शेवटी आहे.

हे पत्र वरचेवर मोबाईलवर फिरते आणि त्याला एक शेपूट जोडलेले असते : याच पत्रामुळे भारतीय रेल्वेत शौचालये आली. गोष्ट रंगतदार आहे, पण इतिहास इतका सोपा नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटर अंतर तास-सव्वा तासाचे होते. तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली आणि माणसे दिवसचे दिवस डब्यात बसू लागली. वरच्या वर्गांना डब्यातच सोय मिळाली. खालच्या वर्गाने स्थानकात उतरावे, उरकावे आणि शिटीच्या आत परतावे, अशी अपेक्षा होती. स्त्रियांची, म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची त्यात काय गत होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हिंदी प्रवाशांचे अर्ज आणि देशी वृत्तपत्रे याविषयी ओरड करीत होती. ओखिलबाबू त्या लांबलचक रांगेतले एक. त्यांचे पत्र टिकले ते बहुधा साहेबाला हसू आले म्हणून.

डब्यात शौचकूप आला, तरी प्रश्न सुटला नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. तिकीट तेरा रुपये नऊ आण्यांचे, डबा बावीस माणसांचा, वाटेत दोन रात्री. या प्रवासावर त्यांनी रांचीहून वृत्तपत्रांना लिहिले. शौचकूप होता, पण सबंध प्रवासात तो एकदाही साफ झाला नाही आणि टाकीत पाणी नव्हते. सोय बसवणे एकदाचे काम असते, राखणे रोजचे. रेल्वेच्या हिशेबात हे दुसरे खाते फार काळ कोरेच राहिले.

आणि मैला जाई कुठे? सरळ खाली, रुळांवर. भांड्याच्या तळाला भोक, त्याखाली नळकांडे, त्याखाली धावणारी जमीन. रचना इतकी साधी की बिघडायला त्यात काही नाही. म्हणूनच ती शंभर वर्षे टिकली. गाडी स्थानकात उभी असताना वापर करू नये, ही पाटी प्रत्येक प्रवाशाने वाचलेली आहे आणि अनेकांनी मोडलेली. मग फलाटालगतच्या रुळांखाली धुता येईल असा काँक्रीटचा पाया घालावा लागला आणि तो धुवायला माणसे लागली. झाडू आणि पाण्याचा नळ घेऊन रुळांत उतरणारी ही माणसे कोणत्या जातींतून येत, हे वेगळे सांगायला नको. ओखिलबाबूंची फजिती एका दिवसाची होती. यांची पिढ्यान्‌पिढ्यांची होती, आणि तिचे पत्र कोणत्याही संग्रहालयात लावलेले नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा व्यापक कायदा २०१३ मध्ये झाला. रुळांवरची ही प्रथा कालबद्ध रीतीने संपवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रेल्वेला बजावले.

त्याआधी दोन वर्षे आणखी एका दिशेने धक्का बसला होता. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात म्हटले की, डब्यांतून पडणाऱ्या मैल्याने रूळ आणि त्यांची जोडणी गंजते. तेव्हा सर्व डब्यांतून बाहेर काहीही पडता कामा नये. माणसांसाठी न हललेली यंत्रणा लोखंडासाठी अधिक वेगाने हलली, हे कटू असले तरी नोंदवायला हवे.

निवड करायची होती ती अनेक पर्यायांतून. ताशी तीस किलोमीटरचा वेग गाठल्यावरच मैला खाली सोडणारी यंत्रणा वापरून पाहिली गेली; तिने स्थानके वाचली, पण मैला गावाबाहेरच्या रुळांवर पडतच राहिला. विमानातल्यासारखी हवेच्या दाबाने ओढणारी यंत्रणा महाग आणि नाजूक. अखेर संरक्षण संशोधन संस्थेचे तंत्र पसंत पडले. ते मुळात बर्फाळ उंचीवरच्या सैनिकांसाठी होते, जिथे मैला कुजतच नाही. डब्याखाली पोलादी टाकी. तिच्यात प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू. आत आडव्या भिंती, म्हणजे मैला रेंगाळत पुढे सरकतो. जिवाणू त्याचे पाणी आणि वायू करतात; पाण्यावर क्लोरीनची प्रक्रिया होते आणि तेवढेच बाहेर पडते. आता असे जैव-शौचकूप अडीच लाखांहून अधिक आहेत.

पण जिवाणू म्हणजे पाळलेले जनावरच. तीव्र आम्ल ओतले की ते मरतात, आणि टाकीत प्लॅस्टिकची बाटली, गुटख्याची पुडी किंवा चहाचा कप गेला की सारे तुंबते. महालेखापरीक्षकांनी २०१६-१७ या वर्षासाठी सुमारे पंचवीस हजार जैव-शौचकूप तपासले. दोषांच्या नोंदी दोन लाखांच्या घरात निघाल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक तुंबण्याच्या. जुन्या भोकातून बाटलीही खाली पडून जाई. नव्या टाकीत ती अडकते, आणि ती काढायला पुन्हा कोणाचा तरी हात लागतो.

डब्यांची ही कथा चालू असताना इंजिनाकडे कोणाचे लक्ष नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाअखेरीस रेल्वे चालवू लागल्या, तेव्हा चालकाच्या कक्षात शौचालय नव्हते. शौचालय असलेले पहिले इंजिन २०१६ मध्ये रुळांवर आले. त्यानंतरही असंख्य इंजिने तशीच धावत राहिली : मागे प्रत्येक डब्याला शौचकूप, आणि पुढे गाडी हाकणाऱ्यांनी पाणी कमी पिऊन काढलेली पाळी.