अग्निबेटाला दुरून वळसा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात नव्या कारखान्याचा पाया खणताना मुरमाचा थर संपला, की यंत्राचे दात काळ्या कातळावर आदळतात. पिंपरी-चिंचवडपासून तळेगावापर्यंत जमिनीखाली हाच कातळ आहे. घोरावडेश्वराची लेणी त्यातच कोरलेली आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर थिजत गेला आणि दख्खनचे पठार घडले. ज्यावर आज मालमोटारी धावतात, तो दगड कधीकाळी वाहता अग्नी होता हे सहजी मनाला पटत नाही. ते डोळ्यांनी पाहायचे असेल, तर अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट गाठावे. देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी तेथे आहे.

श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून हे बेट ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर आहे. प्रशासनाची परवानगी घेऊन बोटीने तेथवर जाता येते. किनाऱ्यावर उतरण्यास मात्र मनाई आहे. प्रवास लांबचा आणि लहान बोटीवर स्वयंपाकाची सोय बेताची. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांनी खाकरे, दशम्या आणि उकळलेले पाणी सोबत घेतलेले बरे.

बेटाचा व्यास जेमतेम तीन किलोमीटर, उंची ३५४ मीटर. पण हे केवळ शिखर होय. पर्वताचा दोन हजार मीटरांहून अधिक भाग पाण्याखाली आहे. जुन्या विवराची भिंत पश्चिमेकडे फुटलेली आहे. त्या खिंडारातून आतला राखेचा काळा शंकू आणि समुद्रापर्यंत उतरलेले लाव्ह्याचे ओघ दिसतात. दख्खनचा लाव्हा भेगांतून आला. येथे भूकवचाचा एक पट्टा दुसऱ्याखाली शिरत असल्याने अग्नी वर येतो. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली. पुढे दीड शतकाहून अधिक काळ शांत राहून १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला.

त्या उद्रेकाची झळ मुक्या जिवांना बसली. १९९३ मध्ये गेलेल्या पाहणी पथकाला पूर्वी ज्ञात असलेल्या सोळा पक्षिजातींपैकी सहाच आढळल्या. शेळ्यांची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. १८९१ मध्ये एका आगबोटीने येथे काही शेळ्या सोडल्या. त्यांची संतती या ओसाड बेटावर शतकाहून अधिक काळ तगून राहिली.

याच समुद्रात अधिक उत्तरेला नारकोंडम हा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. अवघ्या सात चौरस किलोमीटरांच्या या हिरव्या बेटावर नारकोंडम धनेश राहतो. जगात अन्यत्र कोठेही नाही. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. त्या फळांच्या बिया पसरवून हाच पक्षी रान राखतो. तेथेही पोलिस चौकीसाठी शेळ्या नेण्यात आल्या होत्या. त्या वाढल्या, कोवळी रोपे खाऊ लागल्या, आणि ज्या झाडांवर धनेशाचे घर उभे राहायचे ती झाडेच संकटात आली. अखेर शेळ्या तेथून काढाव्या लागल्या. शेळ्यांचा त्यात काय दोष? त्या स्वतःहून समुद्र ओलांडून आल्या नव्हत्या. बेटावर जीव सोडणाऱ्याने तेथे आधीपासून कोण राहते, हे पाहिले नव्हते. जीवदयेचा विचार करताना हा प्रश्नही मनात ठेवावा लागतो.

म्हणून बॅरनच्या किनाऱ्याला बोट लागत नाही, याची खंत प्रवाशाने बाळगू नये. बेटाला वळसा घालून, तेथे काही न टाकता आणि तेथून काही न उचलता ती परतते. घरी आल्यावर चाकणच्या रस्त्याकडेला पडलेल्या काळ्या खडीचा ढीग दिसतो, तेव्हा समुद्रातला तो धुमसता शंकू आठवतो आणि मुलांना या दगडाची जन्मकथा सांगता येते.