राखीव बाकावरचा टोनी

1989 च्या एप्रिल महिन्यात आम्ही इस्राएलात होतो. मक्काबी तेल अविवचा युरोप चषकाचा अंतिम सामना म्युनिक येथे होता. इमारतीतले सारे शेजारी एकाच टेलिव्हिजनपुढे बसले होते. स्प्लिट शहराच्या युगोप्लास्टिका संघाने 75-69 असा आपला पराभव केला. त्या संघात टोनी कुकोच नावाचा वीस वर्षांचा उंच, सडपातळ, डावखुरा मुलगा होता. त्या रात्री आम्ही त्याला पुष्कळ बोल लावले.

पुढे आम्ही न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये आलो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांचे आजोबा डाल्मेशियातून येथे उत्तरेकडे, जमिनीत गाडलेला कौरी झाडाचा डिंक खणायला आले होते. डाल्मेशिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात असल्यामुळे पहिल्या महायुद्धात त्या गरिबांना येथे शत्रूची प्रजा समजले गेले! स्प्लिट हे डाल्मेशियाचेच शहर, म्हणून टोनी त्यांच्या घरचाच मुलगा. आमच्या 1989 च्या दुःखाची हकीकत ऐकून ते पोट धरून हसले.

आम्हाला मात्र त्या दिवसांत हसू येत नव्हते. वीस वर्षे हिशेबाचे काम करून येथे गोदामात खोकी मोजण्याची नोकरी पत्करावी लागली होती. ते साल होते 1998. शिकागो बुल्स संघ नुकताच पुन्हा विजेता झाला होता. त्या संध्याकाळी चहा घेता घेता आजोबांनी टोनीची कहाणी सांगितली.

स्प्लिटने 1989 ते 1991 असा तीन वर्षे लागोपाठ युरोपचा चषक जिंकला. शिकागोने टोनीला 1990 मध्येच निवडून ठेवले होते. तेथील व्यवस्थापक जेरी क्राउझ त्याची वारेमाप स्तुती करीत, याचा जॉर्डन व पिपेन यांना राग होता. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये त्यांनी त्याला असे घेरले की पहिल्या सामन्यात त्याला फक्त 4 गुण मिळाले. अंतिम सामन्यात त्याच टोनीने 16 गुण केले आणि नव्या क्रोएशिया देशाला रौप्यपदक मिळाले. 1993 मध्ये तो शिकागोस पोचला, तोच जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली. टोनीला रडू आवरेना. पुढे जॉर्डन परतला, आणि युरोपात राजा असलेला टोनी राखीव बाकावर बसू लागला. पण हाक आली की तो तयार असे. 1996 मध्ये उत्कृष्ट राखीव खेळाडूचा मान त्यालाच मिळाला, आणि 1996, 1997 व 1998 अशी तीन विजेतेपदे.

"बाकावर बसणे म्हणजे घरी जाणे नव्हे," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोदामात गेलो ते जरा ताठ मानेने. दोन वर्षांनी देवकृपेने हिशेबाचे टेबल मिळाले.

2017 मध्ये जागतिक बास्केटबॉल संघटनेने आपल्या सन्मान-दालनात काही थोर खेळाडूंना स्थान दिले. त्यांत टोनी कुकोच होता, मक्काबीचा मिकी बर्कोविच होता आणि 2002 मध्ये न्यूझीलंडला जागतिक स्पर्धेत चौथे स्थान मिळवून देणारा कर्णधार पेरो कॅमेरॉनही होता. आम्ही सोडलेला देश, आम्हाला हरवणारा मुलगा आणि आम्हाला आसरा देणारी भूमी, तिघे एकाच पंक्तीस बसले. टोनीवरचा आमचा राग त्या दिवशी पुरता गेला.

आज नवख्या देशात कमी दर्जाचे काम करीत असलेल्या आपल्या मुलांसाठी ही हकीकत लिहिली आहे. शालोम.