खाणींच्या ढिगाऱ्यांपलीकडे : ऑर्लँडो पायरेट्सच्या गावी

जोहान्सबर्गच्या मध्यवस्तीतून नैऋत्येकडे निघालेला प्रवासी सोवेटो महामार्गाला लागला की त्याच्या नजरेत प्रथम भरतात ते खाणींतून उपसलेल्या चुऱ्याचे फिकट पिवळे ढिगारे. १८८६ मध्ये विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेत सोने सापडले, खडक फोडून, दळून त्यातले सोने काढून घेतले गेले आणि उरलेला चुरा शहराच्या दक्षिणेला साचत गेला. हा खाणपट्टाच पुढे गोऱ्यांचे शहर आणि कृष्णवर्णीयांच्या वसाहती यांमधली सीमा ठरला. ऑर्लँडो पायरेट्स या फुटबॉल क्लबचा इतिहास समजून घ्यायचा तर याच रस्त्याने जायला हवे, कारण ज्या धोरणाने माणसे या ढिगाऱ्यांपलीकडे लोटली, त्याच धोरणाने नकळत या क्लबला जन्म दिला.

ऑर्लँडो ही आजच्या सोवेटोतली एक ‘टाउनशिप’, म्हणजे शहरात राबणाऱ्या पण शहरात राहण्याचा हक्क नाकारलेल्या लोकांसाठी शहराबाहेर वसवलेली वस्ती. १९२३ च्या कायद्याने नगरपालिकांना आफ्रिकी लोकांची वेगळी वस्ती करण्याचा अधिकार मिळाला, त्याचा वापर करून १९३० च्या दशकाच्या आरंभी ही वस्ती उभी राहिली आणि महापौर एडविन ऑर्लँडो लीक यांचे नाव तिला देण्यात आले. आजही ऑर्लँडो ईस्टच्या गल्ल्यांतून चालताना त्या काळची बैठी, एकसारखी, छोटी घरे ओळखू येतात; दोन-तीन खोल्या, पुढे हातभर अंगण आणि मागे नंतर जोडलेल्या पत्र्याच्या खोल्या. अशाच एका घराच्या परसात या क्लबची जडणघडण झाली.

ऑर्लँडो बॉइज क्लब या मुलांच्या संस्थेत मुष्टियुद्ध शिकवणारे अँड्रीझ म्क्वानाझी यांनी १९३७ मध्ये तिथल्या मुलांना फुटबॉलचा संघ काढायला प्रवृत्त केले. ही मुले खाणींत आणि शहरात मजुरीसाठी खेड्यांतून आलेल्या कुटुंबांतली होती, संघाला गणवेश नव्हता आणि काही जण अनवाणी खेळत. १९४० मध्ये मूळ संस्थेशी फारकत घेऊन ही मंडळी म्क्वानाझी यांच्या घरी जमली आणि त्यांतल्या अँड्र्यू बासी या खेळाडूने ‘पायरेट्स’, म्हणजे समुद्री चाचे, हे नाव सुचवले. त्या वर्षी आलेल्या एरॉल फ्लिन या नटाच्या ‘द सी हॉक’ या चित्रपटावरून ते सुचले, असे सांगितले जाते. पहिले अध्यक्ष बेथुएल मोकगोसिन्याना यांनी पाठीवर ‘ओपी’ अक्षरे असलेला पहिला गणवेश विकत आणून दिला, आणि १९४४ मध्ये संघ जोहान्सबर्गच्या आफ्रिकी संघांच्या दुसऱ्या श्रेणीत विजेता ठरून वरच्या श्रेणीत गेला. त्या काळी गोरे, आफ्रिकी, मिश्रवंशीय आणि भारतीय यांच्या फुटबॉल संघटनाही वेगवेगळ्या होत्या. भारतीय वंशाच्या लोकांची पुढे सोवेटोच्या दक्षिणेला असलेल्या लेनेशियात रवानगी झाली, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. अशा परिस्थितीत ज्यांना जमीन, मत वा मुक्त संचार यांपैकी काहीही मिळू दिले जात नव्हते, त्यांनी स्वतः उभारलेली आणि स्वतः चालवलेली संस्था म्हणून या क्लबकडे पाहिले पाहिजे. त्याने किती चषक जिंकले हा प्रश्न त्यानंतरचा.

वस्तीच्या कडेला उभे असलेले ऑर्लँडो स्टेडियम १९५९ मध्ये बांधले गेले आणि २००८ मध्ये त्याच जागी नवे, सुमारे ४० हजार प्रेक्षकांचे मैदान खुले झाले. १६ जून १९७६ रोजी आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध सोवेटोतील शाळकरी मुले मोर्चाने निघाली तेव्हा त्यांना पोहोचायचे होते ते याच मैदानावर. पण ऑर्लँडो वेस्टमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन मारला गेला. त्याच्या स्मारकापासून नेल्सन मंडेला यांचे घर असलेला विलाकाझी रस्ता जवळच आहे आणि पर्यटकांच्या बसगाड्या तिथे दिवसभर येत असतात. मोर्चा ज्या मैदानाकडे निघाला होता ते मात्र बहुतेकांच्या वाटेत येत नाही.

या क्लबने आपला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धीही आपल्याच कुशीतून दिला. ऑर्लँडोत वाढलेले आणि पायरेट्सकडून खेळलेले कायझर मोताउंग अमेरिकेतील अटलांटा चीफ्स संघात खेळून परतले आणि १९७० मध्ये त्यांनी कायझर चीफ्स हा संघ स्थापन केला. या दोन संघांच्या लढतीला ‘सोवेटो डर्बी’ म्हणतात. डर्बी म्हणजे एकाच गावातल्या दोन संघांची परंपरागत झुंज. सामन्याच्या दिवशी दिसणारे ‘माकारापा’ हे शिरस्त्राण मुद्दाम जवळून पाहावे. खाणीत किंवा बांधकामावर घालतात ते प्लॅस्टिकचे हेल्मेट घेऊन त्याचे काप धारदार पात्याने कापतात, ते वर वळवून उभे करतात आणि त्यांवर हाताने रंगकाम करतात; पायरेट्सच्या माकारापावर काळ्या जमिनीवर पांढरी कवटी व तिच्याखाली हाडांची फुली असते आणि तीच फुली चाहते दोन्ही हात एकमेकांवर आडवे धरून दाखवतात. बापजाद्यांनी मजुरीसाठी डोक्यावर घातलेली टोपी इथे अभिमानाची खूण झाली आहे, आणि या क्लबविषयीची आत्मीयता याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

परतीच्या वाटेवर नासरेकचे भव्य, मातीच्या मडक्याच्या आकाराचे एफएनबी स्टेडियम लागते. वर्णभेदामुळे १९७६ मध्ये जागतिक फुटबॉल संघटनेतून हकालपट्टी झालेला दक्षिण आफ्रिका १९९२ मध्ये परतला आणि डिसेंबर १९९५ मध्ये, पुनर्बांधणीपूर्वीच्या याच मैदानावर, आफ्रिकेतील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीतील पायरेट्सचा पहिला सामना आयव्हरी कोस्टच्या असेक मिमोझाशी २-२ असा बरोबरीत सुटला. अशा बरोबरीनंतर परक्या मैदानावर टिकणे अवघड असते. पण असेकच्या गावी, आबिजानमध्ये, झालेल्या दुसऱ्या सामन्यात जेरी सिखोसाना यांच्या एकमेव गोलवर पायरेट्सने तो चषक जिंकला आणि हे यश मिळवणारा तो देशातील पहिला क्लब ठरला. त्या संघाच्या बचावफळीत मार्क फिश हा गोरा खेळाडू होता आणि सोवेटोने त्याला मनापासून आपले मानले. पुढचा दक्षिण आफ्रिकी विजेता, मामेलोडी सनडाउन्स, यायला २०१६ उजाडावे लागले.

‘रेया वाया’ ही शहर बससेवा २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा पहिला मार्ग सोवेटोतून थेट शहराच्या पूर्वेकडील एलिस पार्क मैदानापर्यंत नेण्यात आला, आणि पायरेट्सचा इतिहास पुरा वाचायचा तर या मार्गाच्या शेवटापर्यंत जावेच लागते. ११ एप्रिल २००१ च्या संध्याकाळी इथे पायरेट्स आणि चीफ्स खेळत असताना, भरलेल्या मैदानात शिरू पाहणाऱ्या गर्दीच्या रेट्यात ४३ माणसे चेंगरून मेली. त्याआधी १३ जानेवारी १९९१ रोजी ऑर्कनी या खाणगावात, याच दोन संघांच्या मैत्रीपूर्ण सामन्यात उसळलेल्या हाणामारीतून पळताना ४२ जणांचा असाच अंत झाला होता. दहा वर्षांत दोनदा हे घडले, याचा अर्थ ऑर्कनीच्या अनुभवातून आयोजकांनी पुरेसा धडा घेतला नव्हता असाच करावा लागतो. तिकिटांची संख्या, फाटकांची रुंदी आणि कुंपणाची जागा यांचा हिशेब नीट न ठेवल्याची किंमत साध्या प्रेक्षकांनी मोजली. क्लबच्या इतिहासात चषकांच्या यादीइतकेच मानाचे स्थान या ८५ जणांना मिळाले पाहिजे.

जोहान्सबर्गला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने विलाकाझी रस्त्यावर छायाचित्रे काढून मागे फिरू नये. तिकीट आधीच काढून, वेळेच्या बरेच अगोदर ऑर्लँडो स्टेडियमवर पोहोचावे आणि पायरेट्सचा एक सामना तिथल्या लोकांमध्ये बसून पाहावा.