दोन महायुद्धांमधलं आरमार : काही टिपणे

● पहिलं महायुद्ध संपलं आणि सरकारची काटकसर सुरू झाली. इंचकेप समितीने हिंदुस्थानच्या सागरी दलाला, ‘रॉयल इंडियन मरीन’ला, कात्री लावली. उरलं काय? सागरी सर्वेक्षण, दीपस्तंभांची देखभाल, फौजेची ने-आण. लढाईचं काम जवळजवळ संपलंच.

● १९२५. रॉलिन्सन समितीची शिफारस : हे दल पुन्हा लढाऊ करा. ११ नोव्हेंबर १९२८ पासून जहाजांवर ब्रिटिश नौदलाचा पांढरा ध्वज चढला.

● त्याच वर्षी नौदलाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात एका मताने पडलं. खर्च हिंदुस्थानचा आणि हुकूम लंडनचा, हे सभासदांना मान्य नव्हतं. आरमार हवं होतंच, पण आपलं हवं होतं. त्या नकाराचा मला अभिमान वाटतो. कायदा अखेर १९३४ मध्ये झाला. २ ऑक्टोबरला मुंबईत ‘रॉयल इंडियन नेव्ही’ अस्तित्वात आली.

● जहाजं मोजकीच : क्लाइव्ह, लॉरेन्स, कॉर्नवॉलिस, हिंदुस्थान, इंडस. पहिली तीन नावं राज्यकर्त्यांची. ‘हिंदुस्थान’ आणि ‘इंडस’ इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी बांधलेली. ज्या मुंबईच्या गोदीने १८१७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली, तिच्या वाट्याला आता मुख्यतः दुरुस्तीच.

● शिवाय ब्रिटिश नौदलाला दरवर्षी एक लाख पौंडांची वर्गणी. १९३८ मध्ये ती माफ झाली, पण अट अशी की हिंदुस्थानने किमान सहा आधुनिक संरक्षक जहाजं बाळगावीत.

● अधिकारी बहुतेक गोरे. दिजेंद्रनाथ मुखर्जी १९२८ मध्ये पहिले भारतीय अधिकारी झाले, तेही अभियांत्रिकी शाखेत. मुंबईत नांगरलेल्या ‘डफरिन’वर १९२७ पासून मुलांचं प्रशिक्षण सुरू झालं. त्यातले रामदास कटारी १९५८ मध्ये पहिले भारतीय नौदलप्रमुख. त्यांच्यानंतर, १९६२ मध्ये, भास्कर सोमण.

● खलाशी मात्र मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यातही कोकणी मुसलमान पुष्कळ. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर वावरलेली माणसं. या दलाचा खरा भार त्यांनीच वाहिला.

● ‘इंडस’ एप्रिल १९४२ मध्ये अक्याबजवळ जपानी विमानांनी बुडवली. ‘हिंदुस्थान’च्या नाविकांनी फेब्रुवारी १९४६ च्या नौदलातल्या उठावात कराचीत ब्रिटिश फौजेवर तोफा डागल्या. १९२८ मध्ये सभागृहात विचारलेला प्रश्न, हे आरमार कोणाचं, आता खुद्द नाविकांनी विचारला होता.

● अधिकाऱ्यांच्या आठवणी छापल्या गेल्या, खलाशांच्या फार थोड्या. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात माझ्या आसपास, संगणकावर काम करणारी, कोकणातली कितीतरी मुलं आहेत. त्यांना माझं सांगणं आहे : गणपतीला, ईदेला गावी जाल तेव्हा घरातल्या जुन्या पेट्या उघडा. पणजोबांचं सेवापुस्तक, पदक, गणवेशातला फोटो मिळाला, तर त्याची प्रत काढा. मागे नाव, गाव आणि जहाज लिहा. ज्यांना हे चेहरे ओळखता येतात, ती माणसं आता म्हातारी झाली आहेत.