आजोबांचे व्हायोलिन

राधानगरीत आषाढ लागला की दोनच आवाज कानी येतात: कौलांवरचा पाऊस आणि धरणातून सुटलेल्या पाण्याचा घोष. गेल्या वर्षी त्यांत तिसरा मिसळला. मुंबईहून सुट्टीवर आलेला मुलगा ओसरीवर सॅक्सोफोन घेऊन बसला. आरंभी जॅझ, मग मारवा, मधूनच मांडोची लय आणि शेवटी चक्क नाताळचे गीत!

"पप्पा, आमचा बँड असेच वाजवतो," तो म्हणाला.

"या संगीताला ना आई, ना बाप," मी उत्तरलो.

त्याने मुकाट्याने वाद्य पेटीत ठेवले आणि दोन दिवस आधीच तो परत गेला.

माझे वडील चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवीत. चर्चचे संगीत चर्चमध्ये व हॉटेलचे हॉटेलात, ही त्यांची शिस्त मी न तपासता पुढे चालविली होती. मुलगा गेल्यावर मात्र ती तपासावीशी वाटली.

गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुले स्वरलिपी व व्हायोलिन शिकली आणि पोटासाठी मुंबईला आली. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ ताज हॉटेलात ट्रम्पेट वाजवीत, तसेच सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या (१९५१) संगीतालाही त्यांचा हात लागला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चमधील गायनवृंदाच्या मास्तरांचे चिरंजीव. त्यांनी १९५८ साली भारतीय वाद्यवृंद उभारला आणि सारंग रागावर पाश्चात्त्य पद्धतीची रचना केली. पुढे नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर जॅझ आणि रागदारी एकत्र नांदविली. या संगीताला आई होती, बापही होता. त्याचे पहिले धडे देवळाच्याच सावलीत गिरविले गेले होते. मीच ती कूळकथा विसरलो होतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिले. त्याचबरोबर मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचाही आदर करावयास सांगितले. साक्षात उपासनेत ख्रिस्तसभा एवढी जागा देते. मग मी माझ्या ओसरीवर का देऊ नये? सगळेच मिश्रण सुरेल होते असे नाही. पण न ऐकताच निवाडा करणे हा न्याय नव्हे, आणि पोटच्या पोराबाबत तर ते प्रेमही नव्हे.

आमच्या धरणाचे सात दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडतात. बापाच्या मनाचा दरवाजा हाताने उघडावा लागतो. श्रावणात मी फोन केला आणि "चुकलो," एवढेच म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, "पप्पा, आजोबांचे व्हायोलिन अजून आहे का?"

आहे. नव्या तारा बसवून घेतल्या आहेत. नाताळला तो येणार आहे.