काचेआडची हुंडी

भाऊबीज झाली की पंचमीपर्यंत सोलापूरच्या पेठेतील व्यवहार थंडच असतात. त्या सवडीत तीन वर्गमित्रांनी मुंबईची वस्तुसंग्रहालये पाहण्याचा बेत केला. तृतीयेच्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून ते सकाळी मुंबईत उतरले.

प्रथम अर्थातच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली कोनशिला बसलेली ही वास्तू पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय झाली आणि १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींच्या कांस्यमूर्तीसमोर तिघांचेही हात नकळत जोडले गेले. पायांत जोडे असल्याचे मागाहून ध्यानात आले, तेव्हा एक जण फार ओशाळला.

दुपारी फोर्टातील रिझर्व्ह बँकेचे नाणी-नोटांचे संग्रहालय. २००४ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते उघडलेले हे दालन तसे लहान. पण व्यापाऱ्याचा पाय तेथून लवकर निघत नाही. दोघे नाण्यांत रमले. धान्याचा व्यापार करणारा तिसरा मात्र हुंड्यांपाशी थबकला. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच रक्कम, मुद्दती म्हणजे ठरल्या दिवसांनी. हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. रक्कम चुकती झाली की हुंडीचा खोका होई. चार ओळींच्या कागदावर, केवळ पतीच्या बळावर, पैसा गावोगाव फिरे. आज कर्जाच्या एका अर्जाला किती कागद जोडावे लागतात, ते वाचकांस सांगावयास नको! १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतील अशा पत्रांची स्थानिक रूढी राखली.

“आमच्या माडीवर अशा दोन पेट्या आहेत,” तो हळूच म्हणाला.

आजोबांच्या वह्या आणि खोके. ती लिपी घरात कोणालाच वाचता येत नसल्याने दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीत काढण्यास त्यानेच मुलाला सांगितले होते. बाहेर येताच त्याने घरी फोन लावला.

“पप्पा, एक पेटी धनत्रयोदशीच्या आधीच गेली. दुसरी आजीने देऊ दिली नाही. तिच्यावरच बसून राहिली.”

परतीच्या गाडीत पत्ते निघाले नाहीत. सोलापुरात उतरले तेव्हा ज्ञानपंचमी उजाडली होती. नव्या वह्यांचा मुहूर्त दहाचा होता. तरीही तिघे घरी गेले नाहीत. रद्दीवाल्याचे दुकान उघडावयास तासभर अवकाश होता. पिशव्या शेजारी ठेवून ते त्याच्या पायरीवर बसून राहिले.