फक्त रक्तवाहिन्यांमध्ये

आईच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं. त्या दिवशी मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरताना तिने विचारलं, "डोळ्यातलं औषध डोळ्यातच राहील ना गं?"

मी "हो" म्हणून टाकलं आणि रात्री वाचत बसले.

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या वाढतात. त्यांना वाढायला सांगणारं प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. औषध त्यालाच अडवतं. पण बाकीच्या शरीराला ते हवं असतं. १९९६ साली दोन गटांनी उंदरांमध्ये या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच निकामी केली, तर पिल्लं गर्भातच मेली.

म्हणजे असले प्रयोग सगळ्या शरीरावर करून भागत नाही. जनुक फक्त रक्तवाहिन्यांच्या पेशींत चालू किंवा बंद करता यायला हवं. आता जनुकं तर प्रत्येक पेशीत तीच असतात. आमच्याकडे नवं फीचर सगळ्यांच्या फोनमध्ये पोचतं, पण कोणाला दिसायचं हे एक अट ठरवते, तसंच काहीसं. जनुकाच्या आधीचा डीएनएचा तुकडा, प्रमोटर, ही ती अट.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींत टाय-२ नावाचं जनुक चालू असतं. त्याचा प्रमोटर जिवाणूच्या एका जनुकाला जोडून उंदराच्या फलित बीजात सोडायचा. जिथे ते जनुक चालेल, तिथे रसायन घातल्यावर निळा रंग येतो. नुसत्या प्रमोटरने गर्भातल्या काहीच वाहिन्या निळ्या व्हायच्या. १९९७ मध्ये श्लेगर आणि सहकाऱ्यांनी त्याला टाय-२च्याच पहिल्या इंट्रॉनमधला तुकडा जोडला. इंट्रॉन म्हणजे प्रथिन बनवण्याआधी कापून टाकला जाणारा भाग. तेव्हा कुठे गर्भापासून प्रौढ उंदरापर्यंत सगळीकडच्या वाहिन्या निळ्या दिसल्या. कॉमेंट समजून ओलांडलेल्या ओळीत अर्धी अट निघावी, तसं झालं.

पुढे हीच अट वापरून हव्या त्या जनुकाला कापणारी क्रे नावाची कात्री चालवली गेली, आणि ती रक्तपेशींतही चालते हे लक्षात आलं. गर्भात वाहिन्यांच्या आणि रक्ताच्या पेशींचं मूळ जवळचं असतं. मग उंदरात दिसलेला परिणाम वाहिन्यांमुळे की रक्तामुळे, हे कसं सांगणार? म्हणून सीडीएच-५ या दुसऱ्या जनुकाचा प्रमोटर आला आणि टॅमॉक्सिफेन दिल्यावरच चालू होणारी कात्री आली. अट घट्ट होत गेली. तरी प्रत्येक वेळी ती कुठे कुठे गळते हे तपासावंच लागतं.

आईला दिलेलं "हो" मला सलायला लागलं. सुईने डोळ्यात दिलेलं औषधही थोडंसं रक्तात उतरतं. म्हणूनच डॉक्टर हृदयाचा आजार किंवा पक्षाघात झालाय का, हे विचारतात.

सकाळी चहा घेताना तिला सांगितलं, "बरंचसं डोळ्यात राहतं. सगळं नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग दिवाळीत छातीत दुखलं होतं, ते त्यांना सांगायला हवं ना?"

हे मला तोवर माहीतच नव्हतं.